पाय कुणाचा

सकाळी किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झालं की एकेक करून विझतात. तसे ते विझले. एक मात्र राहिला, ब्रेकचा. लाल वर्तुळ, त्यात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. मास्तरांनी हँडब्रेक वर ओढला, पुन्हा खाली टाकला, मग तळहाताने आणखी दाबून पाहिला, जसं काही तो मुद्दामच अर्धवट उभा राहिला होता. दिवा तसाच. सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवताना मास्तरांनी प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पिवळा दिवा म्हणजे गाडी काहीतरी सांगतेय, ऐकून घ्या. लाल दिवा म्हणजे ती बोंबलतेय, तेव्हा आधी बाजूला थांबा आणि मग काय तो विचार करा. लोकांना सांगणं सोपं असतं. त्यांनी सीटखालून ब्रेक ऑइलची बाटली काढून कानाशी हलवली. रिकामी होती. तीन आठवड्यांत दोनदा त्यांनी बॉनेट उघडून तेल ओतलं होतं, दोन्ही वेळा दिवा विझला होता आणि दोन्ही वेळा त्यांना वाटलं होतं, चला, सुटलो. आता त्यांनी शर्टाच्या खिशातून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली. हल्ली ती खिशात असायचीच. मागचा कागद सोलून त्यांनी ती त्या दिव्यावर नीट, कडा दाबून बसवली. पट्टीच्या आडूनही लाली थोडी दिसतच होती. इतकी चालेल, असं ते स्वतःशी म्हणाले, आणि म्हणताना आपलाच आवाज ऐकून त्यांना भीती वाटली.

काय चाललंय ते मास्तरांना कळत नव्हतं असं म्हणणं म्हणजे त्यांच्या सव्वीस वर्षांवर अन्याय होईल. मागच्याच आठवड्यात मिस्त्रीने सगळं सांगितलं होतं. हा मिस्त्री म्हणजे स्कूलच्या गाड्या बघणारा, मास्तरांचा जुना दोस्त, चहा पोटात गेल्याशिवाय गाडीखाली न शिरणारा. त्याने पुढचं चाक काढलं आणि ब्रेकचा पॅड मास्तरांच्या तळहातावर ठेवला. "बिस्किटाएवढा जाड होता, पत्र्याएवढा राहिलाय. दोन महिन्यांपूर्वी मीच नवे टाकलेत, वर्षभर बघायला लागू नये." मास्तरांनी विचारलं, गळती तर नाही ना कुठे? मिस्त्री हसला. "गळती असती तर बरं झालं असतं रे. पॅड झिजला की तेल ती जागा भरायला खाली उतरतं, आणि वर टाकीत कमी झालं की दिवा लागतो. तू तेल ओतशील, दिवा जाईल, झीज थोडीच जाणार आहे? ताप उतरवायला थर्मामीटर झटकतोयस लेका." मग हात पुसत तो म्हणाला, "कुणाचा तरी पाय अख्खा वेळ ब्रेकवर असतो. आधी पाय शोध, मग पॅड टाकू, नाहीतर तेही खाल्ले जातील." "कुणाचा असेल?" असं मास्तरांनी विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "तुझ्या गाडीत पाय चार. त्यातले दोन तुझे, ते सोड. उरलेल्या दोनांत शोध." हे तो इतक्या सहज म्हणाला की मास्तरांना एकदम रडू आल्यासारखं झालं. आपल्यावर कुणी असा डोळे मिटून विश्वास टाकावा आणि आपण चहाच्या ग्लासात बघत "बरोबर आहे" म्हणावं.

शिकवायच्या गाडीला शेजारच्या सीटखालीही ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. त्याच्यासाठीच तर त्याला तिथे बसवलेलं असतं, बाकीची बडबड ही उंटावरून शेळ्या हाकण्यातलीच. म्हणजे मास्तर जे काही होते ते त्या उजव्या पायाच्या बळावर होते. आणि तो पाय जाऊन दोन वर्षं होत आली होती. गेला म्हणजे दिसायला जागेवरच होता, चालत होता, त्याची नखं वाढत होती, पण घोट्याच्या खाली काय चाललंय याची खबर वरपर्यंत येईनाशी झाली होती. साखरेचा आजार अकरा वर्षांचा. आधी मुंग्या आल्या, मग तळव्याला कापूस बांधल्यासारखं वाटू लागलं, आणि मग कापूसही गेला. एका सकाळी ते कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन परत आले तर दारात बायको पोट धरून हसायला लागली, "अहो, एकाच पायात चप्पल? दुसरी कुणाला देऊन आलात?" चप्पल दुकानाच्या पायरीशीच निसटली होती आणि मास्तर एवढा रस्ता एका पायाने अनवाणी चालत आले होते. तेही हसले. हसत हसत आत गेले, कडी लावली आणि स्टुलावर बसून पायाकडे बघत राहिले. अंगठ्याच्या मुळाशी काच रुतली होती. ती त्यांनी चिमट्याने काढली तेव्हा दुखलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना आयुष्यात कधी नव्हे इतकं दुखायला हवं होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, गाडी चालवू नये, आणि तो कागद मास्तरांनी घरी नेलाच नव्हता. घरात, सासुरवाडीत, गल्लीत त्यांना सगळे मास्तरच म्हणायचे. हा पाय नाही म्हटल्यावर लोक आपल्याला काय म्हणून हाक मारतील, इथपर्यंत विचार आला की पुढे तो जायचाच नाही.

सिस्टर वेळेवर आल्या. वय चाळिशीचं, अठरा वर्षं इस्पितळातल्या वॉर्डात काढलेली बाई. आता त्यांना फिरत्या दवाखान्यावर जागा मिळत होती, पण तिथे नर्सनेच गाडी चालवायची असते, आणि याच आठवड्यात लायसन्स दाखवलं नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. घरात म्हातारी आई, तिचं सगळं यांच्याकडेच. वॉर्डातल्या पाळ्यांपेक्षा दिवसाची ही नोकरी म्हणजे त्यांना देव पावल्यासारखं होतं. टेस्ट उद्या होती. दोनदा ती मास्तरांनीच पुढे ढकलली होती, तुमचा पाय अजून सुधारत नाही म्हणून. सिस्टर बसल्या, आरसा नीट केला, पट्टा लावला आणि डॅशबोर्डकडे बघून थांबल्या. "सर, ही पट्टी?"

"तो दिवा बिघडलाय. लक्ष देऊ नका."

"आमच्याकडे जखमेशिवाय पट्टी लावत नाहीत," सिस्टर म्हणाल्या. गंमत होती ती. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मान खाली घालून आपला बूट कुठे आहे ते पाहिलं, तो डोळ्यांनीच उचलून ब्रेकवर नेला आणि त्याच्यावर हलकेच टेकवून ठेवला. हलकेच म्हणजे किती, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. हे ते रोज करायचे. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला एकदा खाली बघायचं, पाय तिथे ठेवायचा आणि मग तास संपेपर्यंत हलवायचाच नाही. एकदा का तो तिथून निघाला की परत कधी सापडेल याचा भरवसा नव्हता, आणि रस्ता सोडून खाली बघणारा मास्तर कुणी पाहिला असता तर?

गाडी निघाली ती चिखलातून ओढल्यासारखी. दुसऱ्या गिअरला धडपडली, तिसऱ्याला कण्हली. "पाय काढा ब्रेकवरून," मास्तर म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "ठेवलेलाच नाही, सर." "मग गाडी काय आपोआप अडखळतेय?" सिस्टरच्या मानेची एक शीर ताठ झाली. तीन आठवड्यांपूर्वी ही बाई अशी सफाईने गाडी चालवायची की मास्तर मनातल्या मनात म्हणायचे, या वर्षातली हीच. आता त्या स्टिअरिंग असं धरायच्या की कुणी हिसकावून नेईल. मागच्या धड्याला त्या सांगत होत्या, "सर, घरी मी खुर्चीत बसून सराव करते. आई म्हणते, वेड लागलं काय गं तुला? माझा पाय माझ्या नकळत जात असेल तर मी तो ओळखायचा कसा?" हा प्रश्न त्यांनी मास्तरांना विचारला होता, साऱ्या जगात मास्तरांना. आणि मास्तर म्हणाले होते, "सवयीने कळतं." हे आठवलं तशी त्यांच्या तोंडाला कडू चव आली. रस्त्याच्या कडेने माणसं चालली होती, कुणी पिशवी घेऊन, कुणी फोन कानाला लावून, एक बाई मुलाच्या बुटाची नाडी बांधायला वाकलेली. आणि मास्तरांना प्रत्येक माणूस नुसता माणूस न दिसता गाडीपासून किती हातांवर आहे असा दिसत होता. घामाने पाठ सीटला चिकटली. गाडीत जळकट वास येऊ लागला होता. सिस्टरनी खिडकीची काच खाली केली.

त्या दिवशी एक म्हातारा पायरी उतरावी तसा पदपथावरून खाली उतरला होता, इकडेतिकडे न बघता, काठी पुढे टाकून. तीन आठवडे झाले त्याला. बँकेसमोरचा रस्ता, वेग फार नाही, सिस्टर चालवत होत्या. मास्तरांनी ब्रेक दाबला. अगदी खाडकन दाबला. मांडी ताठ झाली, कंबर सीटवरून उचलली गेली, दात एकमेकांवर बसले. गाडी थांबली तेव्हा म्हातारा बॉनेटपासून दोन हातांवर होता. त्याने काठी वर करून एक शिवी हासडली आणि निघून गेला. "थँक्यू सर," सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून." तेव्हा मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय ब्रेकच्या शेजारी, चटईवर होता. सगळा जीव एकवटून ते जमीन दाबत होते. गाडी थांबवली होती या बाईने. घाबरून तिला स्वतःलाही ते कळलं नव्हतं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात. मास्तरांची जमीन पायाखाली घट्ट होती आणि तरीही ते खाली खाली चालले होते. तेव्हाच, त्याच श्वासात, सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी ते म्हणाले, "समोर लक्ष ठेवत जा." म्हाताऱ्याचा जीव वाचवण्याचं श्रेय त्यांनी खिशात घातलं, आणि वर तिलाच दोन शब्द सुनावले. दुसऱ्या दिवसापासून ते पाय ब्रेकवर ठेवून बसू लागले. आधी नकळत कधीमधी टेकत असणारच, आता मुद्दाम. गाडी त्या दिवसापासून जड झाली, आठ दिवसांत दिवा लागला, आणि लोक ज्याला कारण म्हणतात ते कारण म्हणजे मास्तरांची भीती होती, पॅड कुरतडत बसलेली.

"सर, एक मिनिट थांबते." सिस्टरनी विचारलं नाही, सांगितलं. मैदानाकडे जाणारा उताराचा रस्ता होता, रिकामा, खाली टोकाला तारेचं कुंपण. त्यांनी गाडी उताराच्या मध्यावर उभी केली, गिअर काढला आणि हँडब्रेक लावलाच नाही.

"अहो, हँडब्रेक."

"नको. मला काहीतरी बघायचंय." त्यांनी चपला काढल्या, आधी एक पाय वर घेतला, मग दुसरा, आणि स्टिअरिंगमागे कशीबशी अडचणीत मांडी घालून बसल्या. इतकं विचित्र दृश्य मास्तरांनी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. गाडी उतारावर होती, गिअर नव्हता, चालवणारीचे दोन्ही पाय सीटवर होते, आणि गाडी हलत नव्हती. "हे माझे दोन," सिस्टर म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "आता ब्रेकवर कुणाचा पाय आहे, सर?"

मास्तरांनी खाली पाहिलं. बूट पेडलवर होता, आणि पेडल चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं. टेकवलेला, हलकेच. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि पाय उचलून बाजूला ठेवला, दुसऱ्याचं सामान सरकवावं तसा. गाडी सुटली. आवाज न करता, अलगद. इतक्या दिवसांत ती अशी मोकळी चालली नव्हती. सिस्टर तिच्याबरोबर किंचित पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "थांबवा सर."

"दाबला," मास्तर म्हणाले.

गाडी चाललीच होती.

"सर!"

"दाबलाय मी! दाबलाय!" ते ओरडले, आणि खरंच त्यांच्या मांडीत गोळा आला होता, कपाळावरची शीर फुगली होती. सिस्टरनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी गचका खाऊन थांबली. कुंपण अजून बरंच लांब होतं; तशी भीतीची गोष्ट काही घडली नव्हती. मास्तरांचा बूट पेडलच्या डाव्या अंगाला चटईत रुतला होता. दोघांनीही तो पाहिला.

"कधीपासून?" हा आवाज वॉर्डातला होता.

"दोन वर्षं. घोट्याच्या खाली काहीच नाही."

"साखर?"

"हो." मग त्यांना थांबवेना. चप्पल, काच, डॉक्टरांचा कागद, तेलाची बाटली, मिस्त्रीने हातावर ठेवलेला पॅड, सगळं ते सांगत सुटले, सांगताना कुंपणाकडे बघत. आणि शेवटी म्हणाले, "त्या दिवशी बँकेसमोर ब्रेक तुम्ही मारलात. माझा पाय खाली चटईवर होता. तो म्हातारा तुमच्यामुळे जिवंत आहे."

मास्तरांना वाटलं, आता बहुतेक सहानुभूती येईल, नर्सच ती. पण त्या म्हणाल्या, "तीन आठवडे मी माझ्या पायाला शिव्या देतेय. रोज. आईपुढे रडले मी, आई म्हणाली, जाऊ दे, नसेल जमत तर सोड ती नोकरी. आणि तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मिस्त्रीलाही माझंच नाव सांगितलंत?"

"नाव नाही सांगितलं. नुसतं, बरोबर आहे म्हटलं."

सिस्टर हसल्या, आणि ते हसू मास्तरांना शिवीपेक्षा लागलं. आता काय होणार ते त्यांना स्वच्छ दिसत होतं: स्कूलचे मालक, ते गोड बोलणं, टेबलावर ठेवलेली किल्ली. "सिस्टर, एक ऐका," ते म्हणाले. "कुणाला सांगू नका. उद्या तुमची टेस्ट होऊ दे, मी दुसरी गाडी देतो, तुम्ही पास होणार, मी लिहून देतो. मग मी हळूहळू कमी करतो. सकाळच्याच बॅचा घेईन. मोकळ्या मैदानातच शिकवीन. बायकोला माहीत नाही हो. पाया पडतो तुमच्या." ते खरंच हात जोडून बसले होते. पंचावन्न वर्षांचा माणूस, पट्टा लावलेला.

"सर," सिस्टर म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला, "माझी आई याच रस्त्यांवरून चालते."

मास्तरांनी पट्टा सोडला. दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, दुसरा हाताने उचलून बाहेर घेतला, आणि दाराला धरून उभे राहिले. उतारावरून खालचं मैदान दिसत होतं. तिथे त्यांनी कितीतरी जणांना आठाचा आकडा काढायला शिकवला होता, त्यातले काही आता ट्रक चालवत होते, एक जण रुग्णवाहिका. सिस्टर वाट बघत होत्या. पुढच्या सीटवर परत बसायचं म्हणजे पेडल पायाशी आलंच, आणि पाय कुठे जाईल ते सांगता येत नव्हतं. मास्तरांनी पुढचं दार बंद केलं आणि मागचं उघडलं. या गाडीच्या मागच्या सीटवर ते कधीच बसले नव्हते. तिथून सगळं बुटकं दिसत होतं आणि पुढच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी नखाने रेघोट्या ओढलेल्या होत्या.

"मिस्त्रीकडे घ्या," ते म्हणाले. "हळू. पॅड झिजलेत, ब्रेक लागेल पण लांबून मारा. पॅड टाकले की उद्या हीच गाडी टेस्टला न्या." आणि थोडं थांबून, "मिस्त्रीला मी सांगतो. मालकांना पण मीच सांगतो."

"आणि घरी?"

"घरी..." मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मागचं दार ओढून घेतलं.

सिस्टरनी चपला घातल्या, पट्टी सोलून काढली आणि मुठीत चुरगळली. गिअर टाकून त्यांनी गाडी वळवली. उतार चढताना गाडी एकदाही कण्हली नाही. दुसरा, तिसरा, सगळे गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडले, आणि सिस्टरच्या खांद्यांतून काहीतरी उतरत गेलेलं मास्तरांना मागून दिसलं. चौकात त्यांनी वेळेवर वेग कमी केला, एका पिशवीवाल्या बाईला जाऊ दिलं, पुन्हा उचलला. चांगलं चालवत होत्या. फार चांगलं चालवत होत्या. आणि मास्तर खाली बघत होते. त्यांचा उजवा पाय प्रत्येक वळणावर, प्रत्येक माणसापाशी, खाली चटई दाबत होता, पूर्ण जोर लावून, ठरल्या जागी, ठरल्या वेळी, एकदाही न चुकता. गाडी आपली चालली होती. त्यांनी गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून तो धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण पुढे एक सायकलवाला आडवा आला आणि हातांखालून तो पुन्हा दबला. त्यांचे डोळे भरून आले ते त्यांना आवरेनात. तोंडावर हात ठेवूनही आवाज निघालाच.

"सर?" सिस्टरनी आरशात पाहिलं.

"पुढे बघा," मास्तर म्हणाले. "आरशात आज नाही बघितलंत तरी चालेल."